सहा हजारांचं डांगर

"अंडं! गावरान कोंबडीचं, आज सकाळचं, हात लावून बघा, अजून गरम आहे!" कसबे मास्तरांनी अंडं दोन बोटांत धरून उंच केलं. "बोला मंडळी, देवाच्या नावानं बोला!"

"दोन रुपये," पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं.

"पाच."

"शंभर," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग बायकांच्या बाकांवरून हसू फुटलं. कसबे मास्तर शाळेत मला गणित शिकवायचे. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "शुलमिथ, बाळ, एकच अंडं आहे. डझन नाही."

"मोजता येतं, मास्तर. तुम्हीच शिकवलंय."

समोरच्या पहिल्या बाकावर पांढऱ्या सफारीत यहोशवा त्रिभुवन बसले होते, खडी-वाळूचे ठेकेदार आणि देवळाचे खजिनदार. त्यांनीसुद्धा मान वळवून पाहिलं आणि कौतुकानं हसले. हसा म्हटलं, आज पोटभर हसून घ्या.

आमच्या नगरकडच्या त्या गावात चर्चला देऊळच म्हणायचे, आणि तिथं दरवर्षी हंगामाचा सण व्हायचा. शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं. ज्वारीची कणसं, वांगी, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. ज्याला शेत नाही तो शिवलेलं झबलं आणायचा, नाहीतर डबाभर शेवया. उपासना संपली की देवळातच सगळ्याचा लिलाव. शेवटची वस्तू मानाची. ती घेणाऱ्याच्या गळ्यात हार पडायचा, आणि सगळी मंडळी उभी राहून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तो हार वर्षानुवर्षं एकाच गळ्यात पडत आला होता. त्रिभुवनसाहेबांनी बोली लावली की बाकीचे कौतुकानं गप्प बसायचे.

बोली आज लावायची आणि पैसे सवडीनं द्यायचे, अशी आमच्याकडची रीत. आणि ही रीत माझ्या बाबांइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. माझे बाबा, शांतवन भिंगारदिवे, वीस वर्षं देवळाचे शिपाई होते. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, दानाची पिशवी फिरवायची. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन बोलीचे पैसे गोळा करायचे, हेही त्यांचंच काम. गरिबातला गरीब माणूस डब्यातली चिल्लर काढून द्यायचा. त्रिभुवनसाहेब मात्र म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात ये, शांतवन." तो आठवडा कधी उगवलाच नाही. हार खरा, प्रार्थना खरी, पैसे मात्र बोलाचीच कढी बोलाचाच भात.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी बाबांनी देवळाच्या पायरीवर, चार माणसांत त्यांना विचारलं, "यहोशवा, देवाचे पैसे कधी देतोस?" दोघं लहानपणी एकाच बोर्डिंगात वाढलेले, एका ताटात जेवलेले, म्हणून अरेतुरे. त्रिभुवनसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हसले. महिन्याभरानं पंचांच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, दानाची पिशवी हल्ली हलकी भरते, कोणाचा तरी हात जड झालाय. पिशवी मोजणारे तेच, कमी भरली म्हणणारेही तेच. बाबांची नोकरी गेली. आवारातली खोली गेली. आईनं चार घरची धुणी धरली आणि दोन पावसाळे काढून तीही गेली. 'पिशवीवाला शांतवन' हे नाव मात्र गेलं नाही. पोरंसुद्धा तसंच म्हणायची.

बाबा तरीही दर रविवारी देवळात यायचे. शेवटच्या बाकावर, चपलांजवळ बसायचे. मी मोठी झाले, पुण्यात नर्स झाले, पण गावच्या देवळात बसले की माझं लक्ष ना वेदीकडे ना पाळकांकडे. पहिल्या बाकावरच्या त्या जाड मानेकडे मी बघत राहायचे. शत्रूवर प्रीती करा, असं पाळक सांगायचे आणि मी मनात म्हणायचे, करते की, आधी एकदा उट्टं काढू दे.

आणि तो दिवस आला होता. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन फुकटच्या शिबिरात करायचं नाही, पुण्यात चांगल्या डॉक्टरांकडून भिंग बसवून करायचं, असं मी ठरवलं होतं. दोन वर्षं नाइट ड्युट्या करून सहा हजार साठवले होते. ते पाकीट बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघणार होतो. माझ्या पर्समध्ये वरचे हजारभर होते. ते डोळ्यांसाठी नव्हते.

मी उठले, पुढे गेले, आणि तबकात शंभराची नोट ठेवली.

"हे रोख, मास्तर. देवाच्या घरी उधारी कशाला?"

पाळक नवे होते. तरुण, सोलापूरकडचे, गावात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यांच्या बाळाला ताप होता म्हणून आदल्या दिवशी मी बघायला गेले होते. बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता त्यांच्या कानात हीच गोष्ट घातली होती. ती आता त्यांच्या तोंडून बाहेर आली.

"भगिनी अगदी योग्य बोलल्या," ते उभे राहून म्हणाले. "हंगाम आपण हातात घेऊन येतो, वचनात नाही. आजपासून बोली तशी रोकड, जागेवर. खजिनदारसाहेब, आपलं काय मत?"

"उत्तम!" त्रिभुवनसाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शे-पाचशे खिशात असतीलच.

नियम सगळ्यांना लागला. ऐंशी वर्षांच्या साखराबाईंनी मेथीची जुडी वीस रुपयांना घेतली आणि कनवटीला बारा निघाले. सून घरी जाऊन आठ रुपये घेऊन येईपर्यंत लिलाव थांबला. साखराबाई पुटपुटत होत्या, "काय बाई नवी तऱ्हा. देव काय पळून चाललाय का?"

मी नंतर एक झबलं घेतलं, शेवयांचा डबा घेतला. दरवेळी चालत जाऊन नोट ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

शेवटी मास्तरांनी दोन्ही हातांनी एक भलंमोठं डांगर उचललं. तांबडा भोपळा, आमच्याकडे डांगरच म्हणतात. "ही मानाची वस्तू! पन्नासपासून बोला!"

"पाचशे," त्रिभुवनसाहेब आरामात म्हणाले. नेहमीसारखी मंडळी कौतुकानं मागे टेकली. मास्तरांनी "एक वार" म्हणायला तोंड उघडलं.

"हजार," मी म्हणाले.

आता कोणी हसलं नाही. त्रिभुवनसाहेब पूर्ण वळले. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या क्षणी त्यांना ते पहिल्यांदा दिसलं.

"दीड," ते म्हणाले.

"दोन."

"शुलमिथ," मास्तर हळूच म्हणाले, "बाळ, रोख आहे."

"माहीत आहे, मास्तर. मीच सांगितलंय."

"तीन!" त्रिभुवनसाहेबांचा आवाज चढला होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, त्यांच्या बाहीला हात लावला. तो त्यांनी झटकला. त्यांचे दोन ट्रक बँकेनं ओढून नेलेत आणि सरकारी बिलं अडकलीत, हे पुण्याच्या एसटीत मला गावच्याच माणसानं सांगितलं होतं. सफारी कडक इस्त्रीची, आत सगळा ठणठणाट. पण जो माणूस पंधरा वर्षं हवेतल्या आकड्यांवर हार घालून घेतो, त्याला आकडा थांबवायची सवयच नसते. बोलताना त्याला पैसे आठवत नाहीत, हार आठवतो.

"चार," मी म्हणाले. हा माणूस गप्प बसला तर बाबांचे डोळे त्या डांगरात जाणार होते.

"पाच!"

"साडेपाच."

शेवटच्या बाकाकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबले असते.

"सहा हजार!" त्रिभुवनसाहेब उभे राहिले आणि हसत मंडळीकडे वळले. "आणि ह्या पोरीला आता कोणीतरी खाली बसवा. देवाच्या कामात मी कोणाला माझ्या पुढं जाऊ देत नसतो."

मी खाली बसले. इतकं गोड बसणं आयुष्यात पुन्हा झालं नाही.

"एक वार. दोन वार. तीन वार!" मास्तरांनी घाम पुसला. टाळ्या झाल्या. मग तबक त्रिभुवनसाहेबांपुढे आलं आणि तिथंच थांबलं.

त्यांनी एका खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. "घरी आहेत," ते म्हणाले. "संध्याकाळी पाठवतो."

मग मागून साखराबाईंचा आवाज आला. "माझ्या आठ रुपयांपायी सुनेला उन्हाचं घरी धाडलं, आन सायबाला उधारी व्हय?"

"मग घरून मागवून घ्या ना, साहेब," पाळक भाबडेपणानं म्हणाले. "आम्ही थांबतो."

त्रिभुवनसाहेब काही मागवेनात. घरी काय होतं ते त्यांना आणि मार्थाबाईंना ठाऊक होतं. मान खाली घालून मार्थाबाई हातातली पाटली काढू लागल्या. पाटली जुनी, हात सुजलेला. ती निघेना. शेदोनशे माणसं ते बघत होती. माझी आई लोकांचे कपडे धोपटायची तेव्हा तिचे हात असेच सुजायचे. मी डोळे मिटले नाहीत. बघून घेतलं. अजून ओढा, म्हटलं, निघेल.

तेवढ्यात मागे बाकाचा आवाज झाला. बाबा उठले होते. बाकांच्या कडा चाचपत ते मधल्या वाटेनं पुढे येत होते. वाटलं, आता बोलतील. बारा वर्षांचं सगळं बोलतील. पिशवी कोणी हलकी केली ते विचारतील.

"पाळकसाहेब, जरा दम धरा," बाबा म्हणाले. "यहोशवाचे पैसे माझ्याकडं हायेत."

"तुमच्याकडे?"

"काल त्यानंच ठेवायला दिले. म्हणला, सणाच्या गर्दीत खिशात नकोत, शांतवन, तुझ्याकडं असू देत." त्यांनी कोटात हात घातला, माझं पाकीट बाहेर काढलं आणि तबक चाचपून त्यात ठेवलं. "सहा हजार. मोजून घ्या."

मी उठायला गेले, पण आता ओरडले असते तर भर देवळात बाबाच खोटे ठरले असते. पाळकांना जुनं काही माहीत नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "असं आहे का, त्रिभुवनसाहेब?"

बाकी देवळात म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं. ज्याला ह्या माणसानं पिशवीचोर ठरवलं, त्याच्याकडेच हा आपली रोकड ठेवतो? मार्थाबाईंची पाटली पंजावर अर्धवट अडकली होती. त्रिभुवनसाहेब बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबांच्या पांढुरक्या डोळ्यांत काही दिसण्यासारखं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला सायेब," साखराबाई ओरडल्या. "मागं ऐकू येत न्हाई!"

"हो!" त्रिभुवनसाहेबांचा आवाज फुटला. "शांतवनकडं ठेवले होते मी. विश्वासाचा माणूस आहे तो."

हार पडला. प्रार्थना झाली. बाबाही उभे राहिले आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हणाले. त्रिभुवनसाहेब डांगर पोटाशी धरून उभे होते आणि त्यांना ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

घरी येताना बाबांना हाताला धरून नेत असतानाच मी रस्त्याच्या मधोमध बोलले. "माझ्या दोन वर्षांच्या नाइट ड्युट्या होत्या त्या पाकिटात!"

"व्हत्या."

"त्या माणसाला वाचवलंत? आई कशी गेली ते विसरलात?"

बाबा चालत राहिले. मी त्यांचा हात सोडला, ते अडखळले, तरी मी धरला नाही. पहाटेच्या एसटीनं मी एकटीच पुण्याला गेले. सगळ्या गावात बाबांचं नाव परत आलं होतं, 'विश्वासाचा माणूस' म्हणून लोक त्यांना सलाम करत होते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या हातात आलेला माणूस माझ्याच बापानं सोडून दिला होता. संत असतील तर असोत, संताच्या पोटी जन्माला येणं फार महाग पडतं.

नाताळला मी घरी आले, ती आईच्या कबरीवर फुलं ठेवायची म्हणून. बाबा खोलीत खाटेवर बसले होते. संध्याकाळी दारात त्रिभुवनसाहेब उभे राहिले. सफारी नव्हती, साधा सदरा होता. मार्थाबाईंच्या पाटल्या त्यांनी मोडल्या होत्या हे मला नंतर कळलं.

"शांतवन," ते म्हणाले आणि खाटेवर पाकीट ठेवलं. "तुझे पैसे. सगळे आहेत."

मी ते उचलायला पुढे झाले. बाबांनी हात आडवा केला.

"माझे कशाचे?" ते शांतपणे म्हणाले. "तुझेच व्हते ते, यहोशवा. तू भर देवळात सांगितलंस. देवाम्होरं सांगितलंस."

"अरे, मस्करी करतोस का? घे. पाया पडतो. घे."

"घेतले तर तू देवळात खोटं बोललास असं व्हईल. हनन्याचं काय झालं ठावं हाय न्हवं? तसं पाप मी तुझ्या डोक्यावर कसं येऊ देईन?"

देवाच्या पैशांत खोटं बोलला आणि जागच्या जागी मेला, तो हनन्या. बोर्डिंगात दोघांनी तो धडा एकाच बाकावर पाठ केला होता. त्रिभुवनसाहेब खाली बसले. भिंतीला टेकले. मोठा माणूस रडायला लागला की कसं दिसतं ते मी इस्पितळात पुष्कळदा पाहिलंय, पण हे वेगळं होतं. त्यांना रडूही येत नव्हतं.

"मग काय करू मी?" ते म्हणाले. "सांग ना. काय करू?"

बाबांनी विचार केल्यासारखं केलं. "काय न्हाई बाबा. मला आता दिसत न्हाई. रस्ता खराब हाय. रविवारी देवळात जाताना तेवढा हात धर."

"गाडी आणतो. दारापर्यंत सोडतो."

"दारापर्यंत नको. गाडी बाजारतळाशी उभी कर. तिथनं चालत जाऊ दोघं. आवारातनं."

ते पाकीट तसंच परत घेऊन गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"बाबा, हे तुम्ही त्या दिवशीच ठरवलं होतं?"

"तुला लय घाई, शुले," बाबा म्हणाले. "तू त्याला एक दिवस लाजवणार व्हतीस. दुसऱ्या दिवशी बायकोच्या पाटल्या मोडून त्यानं पैसे भरले असते आन सुटला असता. शत्रूला जेवू घाला म्हणून शास्त्रात सांगितलंय, ते लोक ऐकत्यात आन माना डोलवत्यात. त्याच्या म्होरंच लिवलंय, त्यानं शत्रूच्या डोक्यावर निखारे पडत्यात, ते कुणी ऐकत न्हाई." खाटेवर आडवे होत त्यांनी पांघरूण ओढलं. "तुझी आई दोन पावसाळे धुणी धूत व्हती. मी घाई करणार न्हाई."

त्या रात्री मला बापाची पहिल्यांदा भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त अभिमान वाटला.

दर रविवारी ते दोघे बाजारतळापासून चालत येऊ लागले. त्रिभुवनसाहेबांनी बाबांचा हात धरलेला, बाबा सावकाश, अगदी सावकाश. भाजीवाल्या थांबून बघायच्या. बाबा वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "यहोशवा हाय म्हणून मला देवळाचं दार दिसतंय." पाळक उपदेशात त्यांचा दाखला द्यायचे. बंधुप्रीती बघायची असेल तर रविवारी सकाळी बाजारतळाशी उभे राहा, म्हणायचे. पहिला बाक त्रिभुवनसाहेबांनी आपणच सोडला. बाबांना शेवटच्या बाकावर बसवायचे आणि शेजारी, चपलांजवळ, स्वतः बसायचे. काही महिन्यांनी गाडीही गेली. तरी ते यायचे, पायी, गावाच्या दुसऱ्या टोकापासून.

तीन वर्षांनी माझ्याकडे पुन्हा पैसे जमले. डॉक्टरांशी बोलून मी तारीखसुद्धा घेतली. रविवारी सकाळी बाबांना सांगितलं, "मोतीबिंदू किती का जुना असेना, डॉक्टर म्हणतात नजर येईल. दोन्ही डोळ्यांना येईल. मंगळवारी निघायचं."

बाबा दाढी करत होते. आरशाशिवाय, बोटांनी चाचपून. स्वतःची आंघोळ, स्वतःचा चहा, विहिरीपर्यंत काठी टेकत जाणं-येणं, सगळं ते एकटे करायचे.

"नको," ते म्हणाले.

"नको काय? पैसे आहेत. माझी शपथ."

"नको म्हणलं ना. नजर आली की त्यो हात कशाला धरील?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना माझं तोंड दिसलं नाही, मला त्यांचं दिसलं. देवासाठी सर्वस्व देणारी माणसं मी पुढं बरीच पाहिली. इतकं मन लावून दिलेलं दान पुन्हा पाहिलं नाही, आणि ते देवाला होतं का कोणाला, हे मी कधी विचारलं नाही.

बाहेर चपला वाजल्या. "शांतवन, आहेस का?" त्रिभुवनसाहेबांना धाप लागली होती.

बाबांनी पटकन तोंड पुसलं. काठी चाचपून दाराआड सरकवली आणि खाटेवर, पोर बसतं तसे, हात पुढे करून बसले.

"ये, यहोशवा. आज जरा सांभाळून धर," ते म्हणाले. "गुडघा लई धरलाय."

मी नर्स आहे. त्यांचा गुडघा ठणठणीत होता.